बाराएक मुलं आणि एक टेबल: घरच्या सामानातून खेळणी बनवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे एका घरगुती पाळणाघराचं प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून नावगाव काही देत नाही, आणि ज्या पालकांचा संबंध येतो त्यांना आधी वाचायला देऊन मगच इथे टाकतेय. दीड ते सहा वर्षांची बाराएक मुलं, चालवणाऱ्या एक ताई, मदतीला एक मावशी, आणि जमेल त्या दुपारी येऊन बसणारी एका मुलाची आई. मी लहान मुलांच्या खेळावर पालकांसोबत काम करते. मला बोलावलं ते सगळं बिनसल्यावर, म्हणून सुरुवातीचा भाग ताईंकडून ऐकलेला आहे आणि पुढचा मी स्वतः बघितलेला.

ताईंनी आठवड्यातली एक दुपार "बनवूया"साठी ठेवली होती. विकतचं खेळणं आणायचं नाही, घरात जे आहे त्यातून बनवायचं. मैदा, मीठ, पाणी मळून त्याचे प्राणी आणि मणी, रिकाम्या बाटलीत कडधान्य भरून खुळखुळा, पुठ्ठ्याच्या नळ्यांच्या गाड्या, एकटा उरलेला मोजा असेल तर त्याचं बोलकं बाहुलं. मुलं या दुपारची वाट बघायची. एरवी कोपऱ्यात बसणारी एक मुलगी मोज्याच्या बाहुल्याच्या आवाजात घडाघडा बोलायला लागली होती, आणि ताईंना या उपक्रमाबद्दल जी माया आहे ती उगाच नाही.

यातही पीठ सगळ्यात लाडकं. त्याला कारण आहे. मळणं, चिमटा काढणं, वळी करणं, दोन बोटांत गोळी फिरवणं, यात बोटांचे जे बारके स्नायू कामाला लागतात तेच पुढे बटण लावताना आणि पेन्सिल धरताना लागतात. आणि पिठाचं काही बिघडलं तर दाबून टाकून परत सुरू करता येतं, कागद फाटला तर तसं होत नाही. चुकायची भीती असलेल्या मुलांना मी पहिल्यांदा पीठच देते.

ताईंची रेसिपी सगळीकडे चालते तीच होती, २ कप मैदा, १ कप मीठ, पाऊण ते एक कप पाणी, न शिजवता मळायचं. मीठ भरपूर कारण त्याने बुरशी लवकर धरत नाही आणि वाळलेली वस्तू टणक राहते. म्हणजे रेसिपी निवडताना विचार झाला होता तो वस्तू किती टिकेल याचा. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं इथेच येऊन अडतं.

अडचण काय झाली

थोड्याच दिवसांच्या अंतराने तीन गोष्टी झाल्या आणि तिन्ही वेगवेगळ्या वाटत होत्या.

पहिली, दोन वर्षांच्या एका मुलाने पिठाचा गोळा तोंडात घातला आणि मावशींचं लक्ष जाईपर्यंत बराचसा गिळलाही. थोड्या वेळाने सारखं पाणी मागायला लागला, मग उलटी झाली. ताईंनी इथे दोन गोष्टी अगदी बरोबर केल्या. मुद्दाम उलटी काढायचा प्रयत्न केला नाही, आणि डॉक्टरांना फोन करून "पीठ खाल्लं" एवढंच न सांगता त्यात मीठ किती होतं आणि अंदाजे किती पोटात गेलं तेही सांगितलं. डॉक्टरांनी लगेच घेऊन यायला सांगितलं, काही तास नजरेखाली ठेवलं, मूल ठीक होतं. पण खूप मीठ एकदम पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम वाढतं आणि मग फक्त तहान-उलटीवर भागत नाही, मूल चिडचिडं होतं, सुस्त पडतं, झटकेही येऊ शकतात, त्यामुळे हे "मुलं काहीही तोंडात घालतात" म्हणून सोडून द्यायचं प्रकरण नव्हतंच.

दुसरी, चार वर्षांची एक मुलगी नवीन आली, तिला सीलिअ‍ॅक आहे. म्हणजे गहू, जव, राय नावाचं धान्य यातलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. ही गव्हाची अ‍ॅलर्जी नव्हे, पुरळ येऊन दोन तासात बसेल असं नाही, वरून काही न दिसता आतून नुकसान होत राहू शकतं. प्रश्न कातडीला लागण्याचा नाही, पोटात जाण्याचा आहे, पण चार वर्षांच्या मुलाचे हात तोंडात जातातच आणि कोरडा मैदा चाळला की त्याची धूळ टेबलावर, कपांवर, सगळीकडे बसते. तिच्या आईने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यावर पाळणाघराने केलं काय, तर बनवूयाच्या दुपारी तिला बाजूच्या छोट्या टेबलावर खडू आणि कागद दिले.

तिसरी, पाच वर्षांचा एक मुलगा पिठाला हात लावायचाच नाही. लावला की रडायचा. "नखरे" असं ठरून गेलं होतं. त्याला एक्झिमा, म्हणजे कातडी कोरडी पडून खाजण्याचा विकार आहे, बोटांच्या सांध्यांवर बारीक भेगा, आणि त्या भेगांत एक तृतीयांश मीठ असलेलं पीठ जातंय म्हटल्यावर काय होत असेल ते कुणीही सांगेल. त्याने कधी "झोंबतं" असं म्हटलं नव्हतं, कारण त्याला वाटत होतं सगळ्यांनाच असं होतं आणि बाकीचे फक्त शूर आहेत. हे त्याने नंतर स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

शिवाय डब्यातल्या उरलेल्या पिठावर हिरवट ठिपके आले होते, पण ते इतक्या सगळ्यात कुणाला मोठं वाटलं नाही.

पालकांच्या ग्रुपवर मग जे होतं ते झालं. एक म्हणे बंद करा, एक म्हणे विकतचं आणा की, एक म्हणे आमच्या वेळी आम्ही माती खाऊन मोठे झालो. आणि एका बाबांनी सुचवलं, स्लाइम (गोंदाचा तो लिबलिबीत, ताणला जाणारा गोळा) करा, त्यात पीठच नाही.

आधी वजनकाटा

मी गेले तेव्हा पहिल्यांदा ताईंना म्हटलं की आपण नेहमीचं पीठ मळू आणि तोलू. मैदा २५० ग्रॅमच्या आसपास, कपभर बारीक मीठ २८० च्या पुढे, पाणी दोनशेच्या वर. म्हणजे जवळपास साडेसातशे ग्रॅम गोळ्यात एक तृतीयांशाहून जास्त मीठ, मैद्यापेक्षा मीठ जड! मग मी त्यातून मोठ्या गोटीएवढा तुकडा तोडून काट्यावर ठेवला, १५ ग्रॅम भरला. त्यात ५ ग्रॅमच्या वर मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा, एनएचएसचा, १ ते ३ वर्षांच्या मुलांसाठीचा आकडा आहे दिवसाला २ ग्रॅम. एका गोटीत अडीच दिवसांचं.

ताई बराच वेळ काट्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "पण हे सगळं तर स्वयंपाकघरातलंच आहे ना."

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. घरातलं आहे म्हणजे निर्धोक, असं आपण धरून चालतो, पण स्वयंपाकघरातली वस्तू निर्धोक असते ती स्वयंपाकाच्या प्रमाणात. चिमूटभराची गोष्ट कपभर घेतली की ती वेगळी वस्तू झाली. कच्च्या पिठाचंही तसंच, ते आपण भाजून शिजवून खातो म्हणून चालतं, तसंच कच्चं असताना त्यात ई. कोलाय किंवा साल्मोनेला हे आजारी पाडणारे जिवाणू असू शकतात, अमेरिकेची अन्न-औषध नियामक संस्था एफडीए तर मुलांना कच्च्या पिठाशी खेळू देऊ नका असं स्पष्ट सांगते.

तपासलेले पर्याय

बंद करणं. हा खरा पर्याय होता आणि ताई त्याच्या अगदी जवळ आल्या होत्या. पण बंद केलं असतं तर सीलिअ‍ॅक असलेल्या मुलीमुळे बंद झालं असंच मुलांच्या (आणि पालकांच्याही) डोक्यात राहिलं असतं, मला ते अजिबात नको होतं.

विकतचं आणणं. प्ले-डो हा विकतच्या खेळाच्या पिठाचा प्रसिद्ध ब्रँड मुळात १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीत वॉलपेपरवरची कोळशाची काजळी पुसायच्या लगद्यातून जन्मला. शाळेतली मॉडेलिंग क्ले लहान हातांना फार कडक पडायची म्हणून एका नर्सरी शिक्षिकेने मुलांना हा लगदा दिला आणि १९५६ च्या सुमारास तो खेळणं म्हणून बाजारात आला. मऊपणाचं श्रेय पिठाचं. म्हणजे त्यातही गहू असतो, कंपनी स्वतः तसं सांगते, आणि मीठही असतंच. ग्लूटेन नसलेले ब्रँड मिळतात, पण मग ते "आपण बनवलं" राहत नाही, डब्याचं झाकण उघडणं एवढंच उरतं.

दोन टेबलं, दोन पिठं. बहुतेकांना हेच पटत होतं, मुलीला तांदळाचं, बाकीच्यांना मैद्याचं. कागदावर छान दिसतं. पण धूळ एकाच खोलीत उडणार, लाटणी आणि साचे एकाच टोपलीत जाणार, आणि मुलं एकमेकांच्या पिठाला हात लावणार नाहीत हे कोण बघणार? त्याहून मोठं म्हणजे ती परत वेगळी बसणार. खडूच्या टेबलावर बसलेली असताना मी तिला बघितलं होतं, ती चित्र काढत होती आणि मधूनमधून खुर्ची बोटभर पुढे सरकवत होती, पिठाच्या टेबलाकडे. तासाच्या शेवटी खुर्ची जवळजवळ तिथे पोचली होती आणि कागदावर एकच रेघ होती.

स्लाइम. इथे मी स्पष्ट नाही म्हटलं. पांढऱ्या गोंदातल्या पॉलिव्हिनाइलच्या लांब साखळ्यांना बोरेट एकमेकांत गुंफतं, त्यातून ते ताणलं जाणारं जेल होतं. बोरेट येतं बोरॅक्समधून (टाकणखार), किंवा कॉन्टॅक्ट लेन्सच्या काही सोल्यूशनमधून, म्हणून "आम्ही बोरॅक्स वापरत नाही, लेन्सचं पाणी वापरतो" यात फार फरक नाही, प्रमाण कमी एवढंच. युरोपात बोरॅक्स प्रजननाला घातक म्हणून वर्गीकृत आहे, आणि हेल्थ कॅनडाने २०१६ मध्ये घरगुती स्लाइम आणि क्राफ्टमध्ये बोरिक अ‍ॅसिड वापरू नका असं सांगितलंय. तोंडात घालणारी मुलं आणि भेगाळलेले हात असलेलं मूल ज्या टेबलावर आहे तिथे हे नकोच.

बेकिंग सोडा आणि कॉर्नफ्लोअरची क्ले. ही येऊन जाऊन असणाऱ्या त्या आईने सुचवली, १ कप कॉर्नफ्लोअर, २ कप सोडा, सव्वा कप पाणी, शिजवायचं. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, सुंदर होते, ग्लूटेन नाही, मीठ नाही. सगळे खूश झाले होते! पण सोडियम मिठातच असतं असं थोडंच आहे. मिठात वजनाच्या ३९ टक्के सोडियम, बेकिंग सोड्यात २७ टक्के, आणि सोडा भरपूर पोटात गेला तर रक्ताचं आम्ल-अल्कलीचं गणितही बिघडतं. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाचा प्रश्न होता तिथेच. मोठ्या मुलांसाठी क्ले चांगली आहे, या मिश्र वयाच्या टेबलाला नाही. एक धोका काढताना दुसरा कसा अलगद आत येतो ते मला इथे फार जाणवलं.

काय ठरलं आणि कसं

ताईंशी बोलताना मी प्रश्नच उलटा केला. घरात काय आहे त्यातून काय बनवता येईल, याऐवजी टेबलावर आज कोण आहे आणि त्यांना काय चालेल? तोंडात घालणारी तीन, ग्लूटेन न चालणारी एक, हातांच्या भेगांमुळे मीठ आणि आम्ल दोन्ही झोंबणारा एक. यातून रेसिपी जवळपास आपोआप ठरते: गहू नाही, मीठ नाही, लिंबू नाही, कच्चं नाही. आणि टिकाऊपणा सोडून द्यायचा.

उरली ती तांदळाच्या पिठाची उकड.

मावशींना हे सांगायची गरजच नव्हती, त्यांचा हात बसलेला. १ कप पाणी उकळायचं, चमचाभर तेल, आच मंद करून १ कप तांदळाचं पीठ घालून भराभर ढवळायचं, झाकण ठेवून गॅस बंद, दहा मिनिटांनी हाताला सोसेल इतपत झालं की ओल्या हाताने मळायचं. तांदळात ग्लूटेन नाही म्हणून गार पाण्यात भिजवलेलं पीठ नुसतं भुगा होतं, धरत नाही. उकळत्या पाण्यात मात्र साधारण ६० ते ८० अंशांच्या दरम्यान स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि चिकट होतात, जे काम गव्हात ग्लूटेन करतं ते इथे ही चिकटाई करते. चौथा हिस्सा कॉर्नफ्लोअर घातलं तर जास्त लवचिक होते. मैद्यासारखी ताणली जात नाही, पण गोळे, वळ्या, ठसे, छोटे प्राणी सगळं होतं.

मुलीच्या आईने विचारलेला प्रश्न आमच्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता: हे पीठ दळलं कुठे? जिथे गहूही दळला जातो तिथलं तांदळाचं पीठ ग्लूटेनमुक्त धरता येत नाही. म्हणून ग्लूटेन-फ्री लिहिलेलं पाकीट घ्यायचं ठरलं, कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकाच्या नियमाप्रमाणे त्यात ग्लूटेनची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. तिनेच लाकडी पोळपाट-लाटण्याकडेही बोट दाखवलं, लाकडाच्या भेगांत जुना मैदा बसलेला असतो. ते कायमचं स्वयंपाकघरात गेलं आणि मुलांसाठी धुता येणारं नवीन आलं. तिला "काळजी करणारी आई" म्हणून बाजूला न ठेवता ताईंनी वही घेऊन तिच्यासमोर बसून लिहून घेतलं, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तो.

उकडीत मीठ नाही म्हणजे ती टिकणार नाही. नुसतं वाळणं-तडकणं एवढंच नाही, शिजवलेल्या तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहतात, गरमीत वाढतात, आणि त्यांचं एक विष परत तापवूनही जात नाही. म्हणून नियम एकच, मळलं, खेळलं, तासाभराने कचऱ्यात. चुकून गिळलं तरी चालेल असं पीठ, पण खायला दिलेलं नाही, हे मुलांना तसंच सांगितलं.

मोठ्यांना (चार वर्षांपुढचे, तोंडात न घालणारे) घरी न्यायला टिकाऊ वस्तू हवीच होती, म्हणून त्यांच्यासाठी महिन्यातून एखाद्या वेळी लहान मुलं झोपलेली असताना तांदळाचं पीठ १ कप, कॉर्नफ्लोअर अर्धा, मीठ अर्धा, तेल चमचाभर, गरम पाणी कपभर असं मंद आचेवर शिजवलेलं. यातही मीठ पावच्या आसपास भरतं, त्यामुळे एक्झिमावाला मुलगा त्या दिवशी मोज्याच्या बाहुल्याला डोळे लावतो, आणि ते तो स्वतः निवडतो.

स्लाइम मागणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला कॉर्नफ्लोअर आणि पाणी दिलं, दोन भागाला एक भाग. मुठीत आवळलं की घट्ट गोळा, मूठ सैल केली की बोटांतून ओघळतं. जोराने दाबलं की कण एकमेकांत अडकतात आणि सावकाश हलवलं की पाण्याला मधून सरकायला वेळ मिळतो. तो ते बुक्क्या मारून मारून तपासत बसला. उरलेलं सिंकमध्ये ओतायचं नाही, पाईप तुंबतो, वाळवून कचऱ्यात.

खुळखुळ्यांचंही याच निमित्ताने बघितलं. बाटलीचं झाकण मुलं दाताने उघडत होती आणि आत कडधान्य, जे नाकात गेलं तर ओलाव्याने फुगतं. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी जी वस्तू ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात मावते ती लहान समजतात, घरी टॉयलेट रोलची नळी घ्यायची, ती थोडी मोठी असते म्हणजे अजून बरं. नळीत मावलं की लहानांच्या हातात नाही. झाकणं गोंद आणि टेपने पक्की केली. अंड्याचे ट्रे आणि दुधाचे खोके क्राफ्टला घेण्याआधीही कुणाला अंडं-दूध चालत नाही ना ते विचारायचं ठरलं.

काय झालं

पहिल्या दुपारी मुलगी टेबलाच्या मधोमध बसली. कुणी काही जाहीर केलं नव्हतं. तिने पीठ हातात घेतलं, वास घेतला, ताईंकडे बघितलं आणि विचारलं, "हे माझं वेगळं आहे?" ताई म्हणाल्या, "नाही गं, सगळ्यांचं हेच." मग ती कामाला लागली.

एक्झिमा असलेला मुलगा दोनतीन वेळा लांबून बघत राहिला. आईने सांगितल्याप्रमाणे त्याला आधी नेहमीचं मलम लावलं, आणि ताईंनी फक्त एवढं सांगितलं की यात मीठ नाही, बोट लावून बघ, नको वाटलं तर धू. तो बसतो आता, पण चिकट हात त्याला अजूनही आवडत नाहीत, चमच्याच्या मागच्या बाजूने दाबतो, ठसे काढतो. तसंही चालतं.

लहानगे अजूनही पीठ तोंडात घालतातच. बेचव लागतं, थुंकतात.

रंगासाठी हळद घातली होती त्या दिवशीची गंमत सांगायलाच हवी. खेळून झाल्यावर मुलं साबणाने हात धुवायला गेली आणि पिवळे तळवे एकदम लालसर झाले. आरडाओरडा! मावशी घाबरल्या की काहीतरी उठलं अंगावर. साबण अल्कली असतो आणि हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, बाकी काही नाही. ताईंनी एका वाटीत लिंबाचं पाणी केलं, त्यात बोट बुडवलं की परत पिवळं, साबण लावला की लाल, मुलं कितीतरी वेळ हेच करत राहिली आणि पिठाकडे कुणी वळून बघेना. (भेगा असलेल्या मुलाला लिंबाऐवजी पिठाच्या तुकड्यावर करून दाखवलं.) पुढच्या वेळी त्यांनी स्वतः साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने पिवळ्या उकडीच्या पोळीवर लाल रेघा ओढल्या. असला खेळ ठरवून सुचत नाही.

सगळं गोडच झालं असं नाही. उकड दर वेळी ताजी करावी लागते, उकळतं पाणी आहे म्हणून तो भाग मुलांना ओट्यापासून लांब ठेवूनच, त्यांच्या वाट्याला फक्त मोजणं आणि मळणं येतं. मावशींचं काम वाढलं आणि ते सुरुवातीला कुणी मोजलंच नाही, नंतर त्यांनीच सांगितल्यावर त्या दुपारची बाकीची कामं ताईंनी स्वतःकडे घेतली. ज्या मुलाने मीठ गिळलं होतं त्याच्या घरच्यांनी बरेच दिवस त्याला या तासाला बसू दिलं नाही. त्यांचा तो हक्क आहे, आणि ताई त्यांना समजावण्याचा आग्रह न धरता दर वेळी पिठात काय आहे ते फक्त कळवत राहिल्या. आता बसतो तो, आजी सोबत असली तर.

वेगळं काय करता आलं असतं

मूल दाखल होताना अ‍ॅलर्जी विचारली जात होती, पण ती जेवणासाठी. खेळासाठी कुणी विचारत नव्हतं. तोंडात घालतो का, कातडीला काही त्रास आहे का, काय खायला चालत नाही, हे तीन प्रश्न आधी असते तर तिन्ही प्रसंगांतला एकही असा झाला नसता, असं मला ठामपणे वाटतं. त्या मुलाच्या रडण्याला "नखरे" म्हणण्याआधी त्याचे हात उलटे करून बघायला हवे होते. पाच वर्षांचं मूल सांगत नाही, दाखवतं.

दीड वर्षाचं आणि सहा वर्षांचं मूल एका पिठावर बसवायचं असेल तर पीठ दीड वर्षाच्या मुलाच्या मापाचं हवं. नाहीतर वेळा वेगळ्या ठेवायच्या.

घरी पाठवलेल्या मिठाच्या वाळलेल्या वस्तूंबद्दल कुणीच काही सांगितलं नव्हतं. एका घरात कुत्रा होता. मिठाचं पीठ कुत्र्यांना चांगलंच बाधतं, ओलं काय आणि वाळलेलं काय, आणि ती वस्तू खालच्या कप्प्यावर ठेवलेली होती. तिथे काही झालं नाही ते केवळ नशिबाने. आता वस्तूसोबत चिठ्ठी जाते, यात मीठ आहे, लहान मूल आणि प्राणी यांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

आणि बुरशीचे ते हिरवट ठिपके. एवढं मीठ असूनही डब्यात वाफ धरली की झाकणाखाली पाणी जमतं, वरचा थर पातळ होतो आणि तिथे मीठ कमी पडतं. तो इशारा आधी आला होता आणि वरचा थर काढून उरलेलं वापरलं गेलं होतं. ते तेव्हाच टाकायला हवं होतं.

सध्या एका नवीन मुलाच्या आईने मक्याची अ‍ॅलर्जी कळवली आहे, म्हणजे उकडीतलं कॉर्नफ्लोअर आणि बुक्क्या मारायचा तो खेळ दोन्ही बदलायला लागणार. बटाट्याचा स्टार्च पाण्यात तसाच वागतो, त्याच्या पाकिटाचा फोटो ताईंनी तिला पाठवलाय, तिने हो म्हटलं की सगळ्यांसाठी तोच.